उजवा हात पुढे

मधुकर वैरागडे यांच्याबद्दल कुणी चांगलं बोलायला लागलं की मला ठसका लागतो. आणि बोलणारे पुष्कळ आहेत. भिलाईतल्या आमच्या मराठी मंडळींत त्यांना मान होता, गणपतीच्या स्टेजवर त्यांची खुर्ची ठरलेली होती आणि हळदीकुंकवाच्या कार्यक्रमातही ते उगाच दोन शब्द बोलून जायचे. "साहेबांनी किती आजारी माणसांना आधार दिला हो!" असं बायका अजून म्हणतात. दिला खरा. ज्यांनी घेतला त्यांना विचारा.

दिसायला माणूस रुबाबदार होता, हे मी नाकारत नाही. उंच, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, पायात पुढून लोखंडी टोप असलेले सेफ्टीचे बूट आणि गळ्यात शिट्टी. रिटायर झाल्यावर माणसं गळ्यात तुळशीची माळ घालतात. यांनी शिट्टी काढलीच नाही. नेहरू नगरात त्यांच्या घरासमोर कोचिंग क्लास होता. तिथली पोरं फाटकापुढे स्कूटी लावायला लागली की साहेब व्हरांड्यातून शिट्टी फुंकायचे, आणि पोरं दचकून गाडी पाडायची. मग साहेब खाली उतरून त्यांना गाडी कशी लावावी यावर व्याख्यान द्यायचे.

हथखोजच्या एका फॅब्रिकेशन कारखान्यात ते सेफ्टी ऑफिसर होते. माझा धाकटा भाऊ विलास तिथंच वेल्डर, म्हणून साहेबांच्या गोष्टी आमच्या घरी जेवणाबरोबर वाढल्या जायच्या. साहेबांचं एक वाक्य होतं, "अपघात होत नसतो, केला जातो." हे वाक्य त्यांनी इतक्या वेळा म्हटलं की कारखान्यातली पोरं चहा सांडला तरी तेच म्हणायची. कारखान्यात काहीही झालं की चौकशी साहेबांकडे, आणि चौकशीचा निकाल आधीच ठरलेला: कामगाराचा हलगर्जीपणा. यंत्र कधी चुकत नसे, शिडी कधी चुकत नसे. चुकायचा तो हाडामांसाचा माणूस.

"ताई, आमचा एक गडी शिडीवरून पडला," विलासनं एकदा सांगितलं होतं. "पायरीच तुटली ना बाप्पा, त्यात त्याचा काय दोष? तं साहेबानं त्याले स्ट्रेचरवरच इचारलं, वर चढतानी तू काय विचार करून राहिला होता? तो बिचारा खरं बोलला. म्हने, साहेब, घरी भाजी काय असन, त्याचा."

"मग?"

"मग काय! लिहून टाकलं, कामगाराचं लक्ष विचलित होतं."

आम्ही खूप हसलो होतो. माझी भावजय रेखा तर पोळी लाटता लाटता खाली बसली. नंतर कितीतरी दिवस विलास जेवायला आला की ती विचारायची, "लक्ष विचलित हाये काय? आज वांगे हायेत."

घरातही साहेबांचा हाच खाक्या. त्यांच्या पत्नी कुसुमकाकू एकदा बाथरूममध्ये घसरल्या आणि मनगट मोडलं. शेजारची बाई फरशी पुसायला धावली तर साहेब दारात आडवे. "काही हलवू नका. आधी पाहणी होऊ द्या." काकू हात पोटाशी धरून पलंगावर विव्हळतायत आणि हे बाथरूममध्ये उकिडवे बसून काकूंच्या रबरी चपलांचे तळ तपासतायत! निष्कर्ष निघाला: चपला झिजलेल्या, त्या वेळेवर न बदलण्याचा हलगर्जीपणा. त्यानंतरच रिक्षा आली. काकू हे स्वतः सांगायच्या, हसत हसत. "मला विचारतात कसे, कुसुम, तुझं लक्ष कुठं होतं? मी म्हटलं, तुमच्याकडं होतं. तेच चुकलं." काकूंसारख्या बाईनं या माणसाबरोबर संसार कसा केला, हे कोडं मला सुटलेलं नाही. चपला मात्र त्यांनी बदलल्या नाहीत, मुद्दाम.

इथवर हसण्यासारखं होतं. दीडशहाणी माणसं प्रत्येक कॉलनीत असतात. पण रिटायर झाल्यावर साहेबांनी समाजसेवा करायचं ठरवलं, आणि तिथं हसू संपलं.

बोरसीला एका ट्रस्टनं दोन खोल्या आणि एक लांब व्हरांडा घेऊन क्षयाच्या रुग्णांसाठी केंद्र काढलं होतं. साध्या औषधांना दाद न देणारा जो क्षय असतो, त्याचे रुग्ण तिथं येत. हा उपचार म्हणजे खायचं काम नाही. मूठभर गोळ्या, महिनोन् महिने. एका गोळीनं कातडी काळवंडते, एकीनं तळपाय जळजळतात, एकीनं अन्नाची वासना जाते. वर शेजारीपाजारी कपबशी वेगळी करतात ते निराळंच. अशा माणसांशी बोलायला म्हणून ट्रस्टनं आधी एक शिकलेली मुलगी ठेवली होती. ती नोकरी सोडून गेली आणि जागा रिकामी पडली. साहेब म्हणाले, मी फुकट करतो. फुकट मिळालेलं तपासून घ्यायची आपल्याकडे पद्धत नाही.

साहेबांनी तिथं पहिलं काम काय केलं असेल? कारखान्याच्या गेटवर एक मोठा आरसा असतो आणि त्याच्यावर लिहिलेलं असतं, 'मिलिए, आपकी सुरक्षा के जिम्मेदार से'. कामावर जाणाऱ्यानं त्यात स्वतःचं तोंड बघायचं आणि समजायचं की आपल्याला काही झालं तर दोष याचा. साहेबांनी तसाच आरसा करवून आणला आणि व्हरांड्याच्या दारात टांगला. वर लाल अक्षरांत, 'मिलिए, आपकी खुशी के जिम्मेदार से'. आत येणारी माणसं कशी, तर गाल बसलेले, चेहरा गोळीनं काळा पडलेला, मास्क लावलेला. त्यांनी आल्या आल्या त्या आरशात बघायचं! मी तो आरसा पहिल्यांदा पाहिला तेव्हा तळपायाची आग मस्तकाला गेली.

दुसरं काम म्हणजे शपथ. कारखान्यात शिफ्ट सुरू होण्याआधी कामगार रांगेत उभे राहून सुरक्षेची शपथ घेतात. साहेबांनी रुग्णांनाही रांगेत उभं केलं. शिट्टी वाजायची. "उजवा हात पुढे!" मग एकानं पुढे होऊन म्हणायचं आणि बाकीच्यांनी मागून. मैं शपथ लेता हूँ कि दवाई समय पर लूँगा, निराशा को पास नहीं आने दूँगा, मैं प्रसन्न हूँ और प्रसन्न रहूँगा. साहेब डोळे मिटून, हात ताठ ठेवून, सगळ्यांपेक्षा मोठ्यानं म्हणायचे. समारू नावाचा एक म्हातारा रिक्षावाला होता. तो म्हणायचा, "मोर गोड़ पिराथे साहेब," म्हणजे पाय दुखतात. साहेबांचं उत्तर तयार, "पाय दुखतात कारण मन पायाकडे आहे. मन हाताकडे न्या." समारू बिचारा मन हाताकडे न्यायचा आणि भिंतीला टेकायचा.

रेखाला हा आजार झाला तेव्हा विलासला वाटलं, साहेब ओळखीचे आहेत, बरं झालं. मलाही वाटलं. रेखा गोंदियाकडची, तोंडानं फटकळ आणि जीव लावणारी. भाजीवालीशी तिची रोजची लढाई. भाव केल्याशिवाय तिनं कधी कोथिंबिरीची काडी घेतली नाही, आणि लढाई संपल्यावर त्याच भाजीवालीला ती चहा पाजायची. गोळ्या सुरू झाल्या, रंग काळवंडला, तरी ती म्हणाली, "होऊन राहू दे. मी काय हिरोईन होती काय?" आम्हाला धीर आला.

मग हळूहळू ती बोलेनाशी झाली. विलास म्हणायचा, अशक्तपणा आहे. एक दिवस भाजीवालीनं मला रस्त्यात गाठलं. "दीदी, तोर भउजी के तबियत बने नइ हे का? आजकल भाव नइ करय." घासाघीसच करत नाही, जे मागितलं ते देऊन पिशवी उचलून जाते म्हणाली. टोपली घेऊन दारोदार फिरणाऱ्या बाईला जे चार दिवसांत दिसलं, ते सल्ला द्यायला खुर्ची टाकून बसलेल्या माणसाला दिसलं नाही. नाही, हे चुकलं. त्याला तर सांगितलं होतं.

ते मला नंतर रेखाकडूनच कळलं. तिच्या डोक्यात कुणीतरी बोलायला लागलं होतं. तू ओझं आहेस, तू मर, असं. केंद्रात साहेबांचा नियम असा की अंगाची तक्रार डॉक्टरांकडे आणि मनाची तक्रार साहेबांकडे. डॉक्टर साहू मॅडम आठवड्यातून दोनदा यायच्या, आणि साहेब त्यांच्या दारापाशी खुर्ची टाकून बसायचे. मॅडमचा वेळ मौल्यवान, रडगाणी आत जाता कामा नयेत.

रेखा त्यांना म्हणाली, "साहेब, गोळी घेतली का कोनी बोलून राहते डोक्यात. मर म्हन्ते."

"कोणी नाही बोलत. तुझंच मन बोलतंय," साहेब म्हणाले. "आजार होणं तुझ्या हातात नव्हतं, पण निराश होणं हा तुझा हलगर्जीपणा. आरशात बघून हसत जा. आणि हे घरी सांगू नको. घरच्यांचं मनोबल खचतं."

म्हणून तिनं घरी सांगितलं नाही. मोठा माणूस, नवऱ्याचा साहेब, तो म्हणतो म्हणजे खरंच असेल. ती न्हाणीघरातल्या आरशात बघून हसायची. मी एकदा तिला तसं हसताना पाहिलं आणि मला वाटलं, चला, सुधारतेय. साहेबांनाही तसंच वाटलं. तिनं तक्रार करणं बंद केलं होतं ना! गप्प बसलेला माणूस म्हणजे बरा झालेला माणूस, हे साहेबांचं शास्त्र.

त्या दिवशी ट्रस्टचे अध्यक्ष केंद्र बघायला येणार होते. विलासची शिफ्ट होती म्हणून रेखाबरोबर मी गेले. व्हरांड्यात झेंडूच्या माळा, आरसा पुसून लख्ख केलेला, साहेबांच्या शर्टाला गुलाबाचं फूल. अध्यक्ष खुर्चीत बसले. साहेबांनी रेखाला पुढे बोलावलं. "ही आमची आदर्श रुग्ण. आली तेव्हा रडत होती. आज शपथ हीच देणार."

शिट्टी वाजली. उजवा हात पुढे.

"मैं शपथ लेती हूँ," रेखा म्हणाली. आवाज अगदी स्वच्छ, शाळेतल्या प्रार्थनेसारखा.

"मैं शपथ लेता हूँ," मास्कांमागून रांग म्हणाली.

"कि दवाई समय पर लूँगी."

"कि दवाई समय पर लूँगा."

"मेरे सिर में कोई बोलता है."

"मेरे सिर में कोई बोलता है," रांग म्हणाली. मला वाटलं मीच चुकीचं ऐकलं.

"साहब को बताया था."

"साहब को बताया था."

"मुझे मरना है."

"मुझे मरना है." सगळ्यांत मोठा आवाज साहेबांचा होता. डोळे मिटलेले, हात ताठ.

पहिला हात समारूचा खाली आला. मग एकेक करत सगळ्यांचे. रेखाचा हात तसाच पुढे होता आणि साहेबांचा. अध्यक्षांना वाटलं शपथ संपली, त्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या ऐकून साहेबांनी डोळे उघडले आणि तेही टाळ्या वाजवू लागले. देवाशपथ सांगते, त्या माणसानं काय म्हटलं ते त्याला कळलंच नव्हतं.

साहू मॅडम मात्र खोलीतून बाहेर आल्या होत्या. त्यांनी रेखाचा पुढे आलेला हात धरला, खाली केला आणि तिला आत नेलं. मी मागोमाग गेले. मॅडमनी तिला दोनच गोष्टी विचारल्या, जेवतेस का आणि झोपतेस का. रेखा धाय मोकलून रडली. मॅडमनी मला समजावून सांगितलं, या उपचारात एक गोळी अशी आहे की ती काहींच्या डोक्यावर परिणाम करते. आवाज ऐकू येतात, जगणं नको वाटतं. हे घडतं म्हणूनच प्रत्येक वेळी विचारायचं असतं, आणि कळलं की गोळी बदलता येते.

"म्हंजे मी पागल नाही झाली?" रेखानं विचारलं.

"नहीं. दवा का असर है."

"मले वाटलं माह्याच मनात खोट हाये," ती मला म्हणाली, आणि परत रडली. मीही रडले. रागानं रडले.

त्याच दिवशी तिला दुर्गच्या दवाखान्यात ठेवलं. ती गोळी बंद झाली, तिच्या जागी दुसरी आली, मनाच्या डॉक्टरांनी वेगळं औषध दिलं. आम्ही कुणी ना कुणी तिच्यापाशी बसून असायचो. लगेच काही फरक पडला नाही. आवाज आधी लांब गेला, मग कधीमधी यायला लागला, मग गेला. ती बरी होतेय हे मला कधी कळलं, तर तिनं दवाखान्याबाहेरच्या फळवाल्याला केळ्यांवरून झापलं तेव्हा.

आणि साहेब? मी त्यांना जाब विचारायला गेले. वाटलं होतं, निदान मान खाली घालतील. पण चौकशी पूर्ण झालेली होती. "हे बघा बाई, तिनं मला नीट समजावून सांगितलं नाही. सांगणाऱ्याचाच हलगर्जीपणा. शिवाय पाहुण्यांसमोर शपथेची शिस्त मोडली ती वेगळीच."

"तो आरसा तुमच्याकडं तोंड करून लावा," मी म्हटलं.

ते माझ्याकडं बघून हसले. मोठा माणूस लहान मुलाकडं बघून हसतो तसं. ट्रस्टवाल्यांनी त्यांना केंद्रातून काढलं, पण ते कसं? शाल-श्रीफळ देऊन, सत्कार करून! भाषणं झाली, फोटो झाले. आरसाही त्यांच्याबरोबर घरी पाठवला. आमच्या लोकांना नालायक माणूस घालवायचा असला तरी त्याच्या गळ्यात हार घालावा लागतो.

पुढं रेखाचा उपचार पुरा झाला. तिनं पेढे आणले आणि केंद्रातल्या सगळ्यांना वाटले. समारूला दोन दिले. मग पुडा तसाच हातात धरून म्हणाली, "ताई, साहेबाकडं जाऊन येऊ."

"कावून?" मी म्हटलं. चिडले की माझ्याही तोंडून घरची बोली निघते. "त्या मानसानं तुले मारलं होतं जवळजवळ."

"काकू गेल्या ना. भेटाले नाही गेलो आपन."

कुसुमकाकू गेल्याला काही महिने झाले होते. मुलगा पुण्याला. साहेब एकटेच. मी रेखाबरोबर गेले, पण फाटकाशीच उभी राहिले. आत पाय टाकायची माझी इच्छा नव्हती. फाटकापुढे कोचिंगच्या पोरांनी स्कूट्या वाटेल तशा लावल्या होत्या आणि शिट्टी वाजत नव्हती.

साहेब व्हरांड्यात बसले होते. दाढी वाढलेली, बनियन मळका. समोरच्या भिंतीला तो आरसा. रेखा त्यांच्या आणि आरशाच्या मधोमध बसली. मुद्दाम नाही, तिथंच खुर्ची होती.

"साहेब, पेढा घ्या. बरी झाली मी."

त्यांनी पेढा हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला.

"जेवले काय?" रेखानं विचारलं. "झोप लागते काय?"

"मले काही समजून नाही राहिलं, पोरी," साहेब म्हणाले. या माणसाच्या तोंडून मी घरची बोली पहिल्यांदा ऐकली. "कुसुम गेली तवापासून रातभर डोये उघडे. कायी गोडच नाही लागत. माह्यंच कुठीतरी चुकलं असन. माहाच हलगर्जीपना असन."

मी फाटकाशी उभी राहून वाट बघत होते. आता रेखानं म्हणावं, साहेब, आरशात बघून हसा. मी असते तर म्हटलं असतं, आणि घरी जाऊन निवांत चहा प्यायले असते.

"चुकलं-बिकलं राहू द्या," रेखा म्हणाली. "गोया कोन्त्या चालू हायेत तुमच्या? दाखवा बरं."

ते आत गेले. पुष्कळ वेळानं बाहेर आले तेव्हा उजवा हात पुढे केलेला होता आणि तळहातावर गोळ्यांच्या पट्ट्या होत्या, रक्तदाबाच्या, झोपेच्या, कसल्या कसल्या. रेखानं पट्ट्या उलटसुलट करून बघितल्या.

"मले काय समजते यातलं! चाला, डॉक्टरले दाखवू. मनाचे डॉक्टर हायेत दुर्गले, मले त्यायनंच बरं केलं. चप्पल घाला."

ते परत आत गेले. चप्पल शोधायलाही त्यांना वेळ लागला, आणि बाहेर आले तेव्हा त्यांच्या पायात कुसुमकाकूंच्या रबरी चपला होत्या, त्याच, झिजलेल्या. टाचा मागं बाहेर आलेल्या. पायऱ्या कोरड्या आणि स्वच्छ होत्या, तरी पहिल्याच पायरीवर त्यांचा पाय सटकला.

मी फाटक उघडून आत कशी गेले ते मला माहीत नाही. मी त्यांचा दंड धरला. काडीसारखा झाला होता. त्यांनी माझ्याकडं बघितलं, आणि मी चिडून काहीतरी बोलणार हे त्यांना बहुतेक कळलं. साहेब, तुमचं लक्ष कुठं होतं, एवढंच विचारायचं माझ्या अगदी ओठावर आलं होतं.

नाही विचारलं. सगळ्या पायऱ्या उतरेपर्यंत दंड धरून ठेवला.